बाबांचं कॉलेज यादीत कितव्या नंबरवर? नागपुरातल्या एका प्रवेशाचं प्रकरण

(कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इंजिनिअरिंग प्रवेशाचे नियम 2025 च्या प्रक्रियेतले आहेत.)

पार्श्वभूमी

कुटुंब मानेवाड्यातलं: आई-वडील, बारावी झालेली मुलगी आणि दहावीतला मुलगा. वडील एलआयटीचे, म्हणजे अमरावती रोडवरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटचे. 1993 साली बारावीच्या पीसीएम गुणांवर प्रवेश, 1997 साली केमिकल इंजिनिअरिंगची बी.टेक. मूळ गाव काटोल तालुक्यात असल्यामुळे चारही वर्षं होस्टेलवर. आज ते हिंगणा एमआयडीसीतल्या रंग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतात. पगार वर्षाला 6 लाख 90 हजार.

आई एलएडी कॉलेजची गृहविज्ञान पदवीधर. लग्नानंतर नोकरी केली नाही. गेली नऊ वर्षं घरून लोणची, मसाले आणि उन्हाळ्यात कुरडया-पापड विकते. खर्च वजा जाता वर्षाचे साधारण 90 हजार उरतात.

मुलीने बारावीला पीसीएमबी घेतलं होतं आणि एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट दिला. पर्सेंटाइल चांगला आला, पण कुठलीही जागा हमखास मिळेल इतका वर नव्हता. जेईई मेन दिली होती. व्हीएनआयटीत, म्हणजे नागपूरच्या एनआयटीत, केमिकल मिळेल असे गुण तिथे नव्हते, तेव्हा तो विषय पहिल्याच दिवशी संपला.

घरात एलआयटीचं नाव लहानपणापासून होतं. वडिलांच्या बॅचचं दरवर्षी एक गेट-टुगेदर होतं आणि मुलगी सातवीपासून त्यात जात होती. त्या काकांच्या तोंडून तिने मेसचं वरण, रात्रीचा अभ्यास आणि गॅदरिंगच्या गोष्टी इतक्यांदा ऐकल्या होत्या की होस्टेलच्या खोल्यांचे नंबर तिला पाठ होते.

अडचण

अशा घरांत वडिलांना मुलीने आपल्याच कॉलेजात जावं असं वाटतं आणि मुलीला ते नको असतं, असा सर्वसाधारण अनुभव. इथे उलट होतं. मुलीला एलआयटीत अन्न तंत्रज्ञान घ्यायचं होतं. वडील म्हणत होते, खासगी स्वायत्त कॉलेजात कॉम्प्युटर घे.

वडिलांचा मुद्दा भावनेचा नव्हता. पंचवीस वर्षं त्यांनी पाळ्या केल्या होत्या, सॉल्व्हंटच्या वासात दिवस काढले होते आणि कॉम्प्युटरला गेलेले शाळेतले मित्र त्यांच्या दुप्पट-तिप्पट कमावताना पाहिले होते. "मी गेलो तेव्हा दुसरं काही माहीतच नव्हतं. तुला माहीत आहे ना, मग तेच काहून करतेस?" हा त्यांचा प्रश्न. खासगी कॉलेजात कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, जागा नाही मिळाली तर संस्थास्तरावरची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती, घेऊ आणि त्यासाठी बेसा भागातला प्लॉट विकू, इथपर्यंत त्यांनी ठरवलं होतं.

मुलीचं उत्तर दरवेळी एकच: "बाबा, तुम्ही गेलात ना, मग मी काहून नको?" यातून तिला कॉलेज हवं आहे, शाखा हवी आहे की वडिलांच्या गोष्टींतलं ते जग हवं आहे, हे कळत नव्हतं. बहुधा तिलाही कळत नव्हतं.

दोघांच्याही बोलण्यात एक चूक समान होती. वडील 1997 साली सोडलेल्या कॉलेजबद्दल बोलत होते आणि मुलगी त्याच कॉलेजच्या ऐकीव रूपाबद्दल. आजचं कॉलेज दोघांनीही पाहिलेलं नव्हतं. वडिलांच्या पदवीवर नागपूर विद्यापीठाचं नाव आहे. त्या विद्यापीठाचं 2005 साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झालं. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून 1942 साली उभी राहिलेली ही संस्था 2023 साली त्या विद्यापीठातून बाहेर पडून स्वतंत्र राज्य विद्यापीठ झाली. अभ्यासक्रम ठरवणं, परीक्षा घेणं आणि पदवी देणं आता तिचं तिच्याकडे आहे. प्रवेशद्वार आणि झाडं तीच असली तरी मुलीच्या हाती येणारा कागद वेगळ्या विद्यापीठाचा असणार होता, हे वडिलांना जूनपर्यंत माहीत नव्हतं.

आणखी एक साधा फरक. वडिलांच्या सगळ्या आठवणी होस्टेलच्या होत्या. मुलगी मानेवाड्याहून रोज दहाएक किलोमीटर स्कूटीने जाणार आणि संध्याकाळी घरी येणार होती. म्हणजे ज्या गोष्टी ऐकून तिला ते कॉलेज आवडलं, त्यातल्या बहुतेक तिच्या वाट्याला येण्यासारख्याच नव्हत्या.

समोर असलेले पर्याय

आधी एक गैरसमज दूर करावा लागला. आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना वाटत होतं की बाप तिथे शिकला म्हणजे लेकीला काहीतरी सवलत असेलच. कॅपमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी राखीव जागा नाही, जादा गुण नाहीत, काहीही नाही. सीईटीची गुणवत्ता, प्रवर्ग आणि भरलेला पसंतीक्रम, मुख्यतः यांवर जागा ठरते.

मग यादी अशी झाली.

पहिला पर्याय, एलआयटीत अन्न तंत्रज्ञान. कॅपमधून, घरी राहून.

दुसरा, मुंबईच्या आयसीटीत, म्हणजे पूर्वीच्या यूडीसीटीत, अन्न अभियांत्रिकी. या शाखेचं राज्यातलं सर्वांत नावाजलेलं ठिकाण. मिळेल का याची शंका होती, शिवाय माटुंग्याला राहण्याचा खर्च.

तिसरा, नागपुरातल्या स्वायत्त खासगी कॉलेजात कॉम्प्युटर. इथे पैशाचं गणित नीट मांडणं गरजेचं होतं, कारण वडिलांचा सगळा बेत त्यावर उभा होता. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असावं आणि प्रवेश कॅपमधून झालेला असावा. कुटुंब ओबीसी. वडिलांचा पगार आणि आईची कमाई मिळून 7 लाख 80 हजार. म्हणजे कॅपमधून गेल्यास शिक्षण शुल्क शून्य आणि संस्थास्तरावरची जागा घेतल्यास तेच शुल्क चारही वर्षं पूर्ण खिशातून. प्लॉट विकून मिळवायची जागा ही सरकारी सवलत सोडून देऊन घेतलेली जागा ठरणार होती. हे कागदावर मांडल्यावर वडिलांनी तो बेत त्याच दिवशी सोडला.

चौथा, कृषी विद्यापीठांतला अन्न तंत्रज्ञानाचा बी.टेक. त्याची प्रवेशप्रक्रिया वेगळी, फॉर्म वेगळा. अर्ज भरून ठेवला, पुढे त्याची गरज पडली नाही.

पाचवा पर्याय यादीत नव्हताच. त्याबद्दल पुढे.

काय केलं, कुठे अडलं

पहिलं पाऊल म्हणून बाप-लेकीने वेगवेगळ्या कागदांवर कॉलेजबद्दल आपल्याला काय काय माहीत आहे ते लिहिलं आणि प्रत्येक ओळीपुढे ही माहिती कोणत्या सालची आहे तेही लिहिलं. वडिलांच्या बावीस ओळींपैकी एकोणीस 1993 ते 1997 च्या होत्या. मुलीच्या सतरा ओळींपुढे तिने "बाबा" असंच लिहिलं होतं. ते दोन कागद शेजारी ठेवल्यावर जास्त बोलायची गरज उरली नाही.

मग वडिलांनी बॅचच्या ग्रुपवर विचारलं. दिवसभरात चाळीसेक उत्तरं आली, सगळी प्रेमाची आणि सगळी जुनी. हा वेळ वाया गेला आणि तो बहुतेक घरांत जातो. पालकांची ओळख आपल्या वयाच्या लोकांशी असते, तर प्रवेशासाठी माहिती हवी असते गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्यांची. शेवटी एका बॅचमेटच्या कंपनीत नुकत्याच लागलेल्या दोन मुलींचे नंबर मिळाले आणि त्यांच्याकडून तिसरीचा, जिला कॅम्पसमधून नोकरी मिळाली नव्हती. सर्वांत उपयोगी बोलणं या तिसरीशी झालं. कंपन्या मुलाखतीत काय विचारतात, कुठल्या जागा कारखान्यातल्या असतात, किती गावाबाहेर राहावं लागतं, गुणवत्ता विभागात मुलींना रात्रपाळी देतात का, हे तिने नीट सांगितलं.

त्यानंतर भेट. कॉलेज पाहायला रविवारी किंवा एखाद्या कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नये. कामाच्या दिवशी, प्रात्यक्षिकं चालू असताना जावं. परवानगी घेऊन विभागात जावं आणि काय पाहायचं ते आधी ठरवावं: उपकरणांशेजारची नोंदवही असेल तर तिच्यातली शेवटची तारीख, आठवड्याला प्रात्यक्षिकांचे तास किती, एका उपकरणामागे विद्यार्थी किती, तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं प्रकल्पावर काय करत आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारून उपयोग नसतो. त्यांचे विषय सगळ्या शाखांना जवळपास सारखेच असतात.

मुलीने तिसऱ्या वर्षाच्या मुलींसोबत तासभर काढला आणि अभ्यासक्रमाची प्रत चाळली. तिथे तिला पहिला धक्का बसला. तिच्या डोक्यात अन्न तंत्रज्ञान म्हणजे पदार्थ, चव, टिकवण. समोर होतं गणित, द्रवगतिकी, उष्णता संक्रमण, वस्तुमान संक्रमण, थर्मोडायनॅमिक्स. अन्नाचे म्हणावेत असे विषय त्यानंतर. ही इंजिनिअरिंगची पदवी आहे: दूध किती तापवायचं यापेक्षा तासाला हजारो लिटर दूध तेवढंच, सारखं आणि कमी इंधनात कसं तापवायचं, हा इथला प्रश्न. घरी परतताना ती गप्प होती. दोन दिवस तिने एलआयटीचं नाव काढलं नाही.

या दोन दिवसांत खरा उलगडा झाला, तोही स्वयंपाकघरात. एका गिऱ्हाइकाने रक्तदाबामुळे कमी मिठाचं लोणचं मागितलं होतं. आईने नेहमीपेक्षा मीठ कमी करून एक छोटी बरणी घातली होती. दोन आठवड्यांत वरच्या फोडींवर पांढरी साय धरली. आईने बरणी फेकली नाही, मुलीला दाखवली. वरच्या फोडी तेलाच्या बाहेर, साय फक्त तिथेच. तेलात बुडालेल्या फोडींवर काही नाही, पण खालचा खार फेसाळलेला. मीठ कमी पडल्यावर पाण्याचा अंश जंतूंना मोकळा मिळतो, तेल फक्त हवा तोडतं, आणि म्हणून दोन जागी दोन वेगळे बिघाड, असं आईने समजावलं. मुलीने विचारलं की मग मीठ कमी ठेवून आंबटपणा वाढवला तर? आई म्हणाली, "किती वाढवायचा ते मोजायला माझ्याकडे काही नाही बाई. आमच्या कॉलेजात पीएच मीटर होतं."

अन्नाची ओढ मुलीला वडिलांच्या कॉलेजातून आलेली नव्हतीच. ती या ओट्यावरून आली होती, आईच्या एलएडीतल्या शिक्षणातून. वडिलांचं कॉलेज हे त्या ओढीला मिळालेलं घरातलं एकमेव ओळखीचं नाव होतं. महिनाभराच्या चर्चेत आईच्या कॉलेजचा उल्लेख एकदाही झाला नव्हता, आणि त्याच कॉलेजच्या नावाच्या मेट्रो स्टेशनवरून हे कुटुंब कितीदा तरी गेलं होतं. आई-वडिलांच्या कॉलेजचा विषय निघाला की घरात आपोआप वडिलांचंच कॉलेज धरलं जातं. हे फार घरांत होतं आणि त्यात निम्मी माहिती हरवते.

हाच पाचवा पर्याय: आईच्या वाटेने अन्न आणि पोषण या विषयातली विज्ञान पदवी. तो गांभीर्याने तपासला. मुलीला पोषण आणि आहार यापेक्षा टिकवण आणि प्रक्रिया यात रस होता, गणिताची तिला भीती नव्हती, आणि "मोजायचं कसं" हा तिचा प्रश्न इंजिनिअरिंगच्या बाजूला झुकत होता. तेव्हा तिने पुन्हा बी.टेक. धरलं. पण आता ते कशासाठी हे तिला एका वाक्यात सांगता येत होतं, जे पंधरा दिवसांपूर्वी येत नव्हतं.

पसंतीक्रमाचा पेच

इथे एक अनपेक्षित वळण आलं. कॉलेज पाहायला वडीलही गेले होते. जुना वर्ग, जुनी प्रयोगशाळा पाहून ते हलले. ज्यांना लेकीने तिथे जाऊच नये असं वाटत होतं, त्यांनी आता ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे पसंतीक्रमाच्या अर्जात, एलआयटी पहिल्या नंबरवर टाकायचा हट्ट धरला. मुलीला पहिल्या नंबरवर आयसीटी हवी होती.

वरवर पाहता हा किरकोळ वाद. "दोन्ही टाका की, जे मिळेल ते मिळेल," असं आजीही म्हणाली. पण 2025 च्या नियमांत या एका नंबरला फार वजन आहे. कॅपच्या चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत तुमची पहिली पसंती मिळाली तर ती आपोआप फ्रीझ होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलीही मिळाली तरी तेच. एकदा फ्रीझ झालं की ती जागा घ्यायची किंवा सोडायची, पुढच्या कॅप फेरीत जाता येत नाही. म्हणजे एलआयटी पहिली टाकली आणि पहिल्याच फेरीत मिळाली, तर आयसीटीचा दरवाजा मुलीने स्वतःच्या हाताने लावून घेतला असता. तिचे गुण आयसीटीला पुरले असते तरीही.

दुसरी समजूत वडिलांची होती आणि ती सर्रास आढळते: "मिळण्यासारखं आहे ते वर टाकावं, नाहीतर तेही जाईल." असं होत नाही. संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो. पहिली मिळत नसेल तर दुसरी पाहतो, आणि दुसरीवरचा तुमचा हक्क पहिली मागितल्यामुळे तसूभरही कमी होत नाही. यादीत 300 पर्यंत पसंती भरता येतात. मिळण्याची शक्यता हा यादीच्या लांबीचा विषय आहे. यादीचा क्रम मात्र फक्त इच्छेचा असावा.

खर्चाचा प्रश्न उरला. मुंबईत शिक्षण शुल्क माफ झालं तरी राहणं-जेवण माफ होत नाही. वडिलांनी महिन्याचा आकडा काढला, आईने आपली लोणच्याची कमाई त्यात धरली, आणि ओढाताण होईल पण जमेल असं ठरलं. जमणार नसतं तर आयसीटी यादीतच टाकायची नव्हती. घ्यायची नाही ती जागा यादीत ठेवणं हीदेखील मोठी चूक असते.

यादी कागदावर तीनदा लिहिली. तिसरा कागद असा: एक, आयसीटी अन्न. दोन, एलआयटी अन्न. तीन, एलआयटी केमिकल. त्याखाली राज्यातल्या इतर अन्न आणि केमिकलच्या जागा, आणि सर्वांत खाली नागपुरातल्या दोन कॉलेजांत कॉम्प्युटर, कारण कोरं वर्ष जाण्यापेक्षा ते तिला मान्य होतं.

फॉर्म कन्फर्म करण्याच्या आदल्या संध्याकाळी गडबड झाली. नोंदणीचा मोबाइल नंबर वडिलांचा होता, लॉगिन त्यांना माहीत होतं. कारखान्यातून परतताना त्यांनी ओळखीच्या सायबर कॅफेत बसून पहिला आणि दुसरा क्रमांक अदलाबदल करून सेव्ह केला. यात वाईट हेतू नव्हता. मुलगी घरी राहील, आपण तिला जुने वर्ग दाखवू, असं मनात होतं. मुलीने कन्फर्म करण्याआधी प्रिंट तपासली म्हणून ते कळलं. कागदावरचे चॉइस कोड (प्रत्येक कॉलेजातल्या प्रत्येक शाखेचा क्रमांक) आणि प्रिंटवरचे कोड ती पेन्सिलने एकेक करून जुळवत होती आणि पहिल्याच ओळीला थांबली. घरात त्या रात्री बरंच बोलणं झालं. सकाळी वडिलांनी स्वतः क्रम पूर्ववत केला, मुलीने पासवर्ड बदलला आणि मग कन्फर्म केलं.

चॉइस कोड एकेक करून जुळवण्याचं हे काम दहा मिनिटांचं आहे. कोणत्याही घरात ते चुकवू नये, घरच्यांवर विश्वास असला तरी, कारण एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तरी वेगळीच शाखा हाती येते.

कागदपत्रं

सर्वांत जास्त घालमेल इथे झाली आणि त्याचं मूळही वडिलांच्या काळात होतं. त्यांच्या आठवणीत प्रवेश म्हणजे मार्कशीट, टीसी आणि जातीचा दाखला. आज ओबीसी प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि ते जातीच्या दाखल्याहून वेगळं असतं. वडिलांकडे स्वतःचं वैधता प्रमाणपत्र नव्हतं. ते असतं तर रक्ताच्या नात्यातला पुरावा म्हणून मुलीचं काम बरंच सोपं झालं असतं. नसल्यामुळे ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या पुराव्यापर्यंत मागे जावं लागलं. आजोबांचा जिल्हा परिषद शाळेतला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढायला काटोलला तीन खेपा झाल्या. अर्ज बारावीच्या फेब्रुवारीत केला होता, खरं तर तो अकरावीतच व्हायला हवा होता. नोंदणीच्या वेळी अर्जाची पावती जोडली आणि मूळ प्रमाणपत्र मुदतीच्या चार दिवस आधी हातात आलं.

नॉन-क्रीमी लेअरमध्येही, म्हणजे ओबीसींतल्या सधन गटात मोडत नसल्याच्या दाखल्यातही, एक गोंधळ झाला. त्याची 8 लाखांची मर्यादा मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. मुलींच्या शुल्कमाफीसाठी मात्र तहसीलदारांच्या उत्पन्न दाखल्यावरचं आई-वडिलांचं एकूण उत्पन्न बघतात. दोन्हीकडे आकडा 8 लाखच असल्यामुळे लोक एकावर दुसऱ्याचं काम भागवायला जातात आणि अडकतात. शिवाय 2025-26 च्या प्रवेशाला नॉन-क्रीमी लेअर 31 मार्च 2026 पर्यंत वैध लागत होतं. घरात होतं ते मार्च 2025 ला संपलेलं. ते नवं काढलं.

निकाल

पहिल्या फेरीत दुसरी पसंती मिळाली, एलआयटी अन्न तंत्रज्ञान. पहिली नसल्यामुळे ती आपोआप फ्रीझ झाली नाही. सीट ॲक्सेप्टन्सचे 1,000 रुपये भरून मुलीने जागा राखली आणि बेटरमेंटसाठी, म्हणजे वरची पसंती मिळते का पाहायला, पुढे गेली.

दुसऱ्या फेरीआधी पुन्हा एक निर्णय होता. यादी तशीच ठेवली तर एलआयटी पहिल्या तीनमध्ये असल्यामुळे फ्रीझ होणार. आयसीटीच्या इतर शाखा, म्हणजे पॉलिमर, सरफेस कोटिंग, डायस्टफ वगैरे, दोन आणि तीन नंबरवर टाकून एलआयटीला चौथ्यावर ढकललं असतं तर आयसीटी अन्नाची आशा तिसऱ्या फेरीपर्यंत टिकली असती. काही मुलं असं करतात. पण मग डायस्टफ मिळालं तर तेच फ्रीझ झालं असतं, आणि ते तिला नको होतं. तिने यादी बदलली नाही. दुसऱ्या फेरीत जागा तीच राहिली, फ्रीझ झाली, प्रवेश झाला.

म्हणजे शेवटी ती वडिलांच्या कॉलेजातच गेली. तरीही सुरुवातीला विचार न करता तिथे टाकलं असतं तर झाला असता तो प्रवेश आणि हा प्रवेश यांत फरक आहे, आणि तो पहिल्याच सत्रात दिसला. गणित तिला जड गेलं, अंतर्गत परीक्षेत गुण कमी पडले. अभ्यासक्रम आधी पाहिलेला असल्यामुळे फसवलं गेल्याची भावना नव्हती. तिने शिकवणी लावली आणि सत्र परीक्षेत विषय सुटला.

प्रवेश झाल्यावर घरात दोन गोष्टी ठरल्या होत्या, मुलीच्याच मागणीवरून. वडिलांनी विभागात जाऊन ओळख सांगायची नाही. आणि बॅचच्या ग्रुपवर तिचे गुण टाकायचे नाहीत. पहिली पाळली गेली. दुसरी एकदा मोडली, वडिलांनी माफी मागितली.

बाबांच्या जुन्या गोष्टी ऐकायला ती आता पूर्वीइतकी बसत नाही. आईकडे मात्र रोज काहीतरी विचारते. दिवाळीत तिने एक हातात धरायचं पीएच मीटर आणलं आणि कमी मिठाच्या लोणच्याच्या चार छोट्या बरण्या घातल्या, प्रत्येकीवर तारीख, मीठ आणि पीएच लिहिलेली चिठ्ठी.

वेगळं काय करता आलं असतं

"हे तुला कशामुळे आवडतं?" हा प्रश्न "कुठल्या कॉलेजात जायचं?" याच्या आधी विचारायला हवा होता. तो अकरावीतच विचारला असता तर आईच्या कामाचा धागा वर्षभर आधी सापडला असता आणि वडिलांच्या प्लॉटपर्यंत गोष्ट गेली नसती.

अभ्यासक्रमाची प्रत जूनमध्ये पाहिली, ती बारावीच्या दिवाळीत पाहता आली असती.

वडिलांना कॉलेज भेटीला नेलं हे चूक होतं असं आम्हाला वाटत नाही, पण आधी मुलीने एकटीने किंवा आईसोबत जाऊन यायला हवं होतं. जुन्या विद्यार्थ्याबरोबर गेलं की माणूस त्याच्या डोळ्यांनी इमारत बघतो. मुलगी त्या दिवशी विभागापेक्षा वडिलांचा चेहरा जास्त बघत होती, असं तिने नंतर सांगितलं.

लॉगिन, मोबाइल नंबर आणि ईमेल पहिल्या दिवसापासून मुलीचे हवे होते.

वैधता प्रमाणपत्राचा उशीर पूर्ण टाळता आला असता. धाकटा आता दहावीत आहे. बहिणीचं प्रमाणपत्र त्याला पुरावा म्हणून चालेल, तेव्हा अकरावीत प्रवेश झाला की लगेच त्याचा अर्ज टाकायचा, हे आईने कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे. काटोलहून आणलेल्या उताऱ्याच्या आणखी दोन प्रती त्याच फाइलमध्ये आहेत.